उरलेली धुणी

बायको गेल्याचा फोन दवाखान्यातून आला, तेव्हा तो दोन टी-शर्ट वाळत घालत होता. दोन्हींवर तिचाच हसरा फोटो होता. एकावर मशीनने थेट कापडावर शाई मारली होती, दुसऱ्यावर फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवला होता. टी-शर्ट छापायच्या दुकानासाठी कुठलं मशीन घ्यायचं, यावरून दोघांची जुंपली होती.

"तीस वेळा धुऊन बघू," ती म्हणाली होती. "हरलात तर महिनाभर भांडी तुमची."

त्या दिवशी अठरावं धुणं होतं.

आता दुकानात तो एकटा बसला की दोन्ही चेहरे त्याच्याकडे बघत. शाईचा चेहरा फिकट झाला होता. हात फिरवला तर नुसतं कापड लागे. फिल्मचा अजून तजेलदार होता, पण ओठांपाशी बारीक तडे गेले होते. मागून आवाज येई, "अहो, धुताय ना?" वळून बघावं तर कुणी नसे.

मेहुणी एकदा वैतागली. "भावोजी, मशीनवाला तिसऱ्यांदा विचारतोय. त्या शर्टांचं काय लोणचं घालायचंय?"

"धुतले तर ती आणखी जाईल गं."



बारा धुणी अजून व्हायची आहेत आणि मशीनही घ्यायचं राहिलंय.