नमद्याची पट्टी

मी कुलपं दुरुस्त करतो. बायको गेली त्याच आठवड्यात तिच्या कपाटाला नवं कुलूप बसवलं आणि दाराच्या फटीत जाड लोकरी नमद्याची पट्टी ठोकली. धूळसुद्धा आत जायला नको होती. आत तिची तपकिरी शाल होती, शेवटच्या दुखण्यात अंगावर होती तीच. तिचा वास जाईल म्हणून मी ती धुतली नव्हती.

अकरा महिन्यांनी मुलीचा फोन आला. "बाबा, माझी बदली झालीय, तिकडे फार थंडी असते. आईची शाल नेऊ? तीन आठवड्यांनी येते."

मी कुलूप काढलं. तांदळाच्या दाण्याएवढा फिकट पतंग उडाला आणि लगेच कपड्यांत दडला. शालीच्या कोपऱ्याला चार भोकं पडली होती आणि त्यांत पांढऱ्या अळ्या होत्या. मी मेहुणीला बोलावलं.

मेहुणी शेजारच्या गल्लीत शिवणकाम करते. तिने आल्या आल्या शाल उलटसुलट करून पाहिली.

"दाजी, वर्षभर कपाट उघडलंच नाहीत?"

"कशाला उघडू? माझ्या कुलपातून मुंगी आत जात नाही."

"कसर आधीच आत होती, तिला तुम्ही कोंडून घेतलंत! न धुतलेली लोकर, अंधार, वर कुणाचा हात लागत नाही. जावयासारखी बडदास्त ठेवलीत. ताई असती तर तुम्हालाच उन्हात वाळत घातलं असतं."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

"डांबराच्या गोळ्या टाकू का?"

"एवढ्याने भागणार नाही. शाल पिशवीत घट्ट बांधा, आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा, थंडीने अळ्या मरतात, मग धुवा."

"वास जाईल गं."

"वास राखलात तर शाल जाईल. पोरीला काय देणार, भोकं?"

शाल बर्फाच्या भांड्याशेजारी गेली. बाकीचे कपडे मी धुतले, उन्हात झटकले. कपाट खरवडून साबणाच्या पाण्याने पुसलं, आत चिकट सापळा लावला. तिसऱ्या दिवशी सापळ्यात दोन पतंग. पुन्हा पुसलं. पुन्हा एक.

"हरलात?" मेहुणीने विचारलं.

"कपाट रिकामं आहे. मग हे खातात काय?"

बिघडलेलं कुलूप तपासतो तसं मी दार तपासलं. टॉर्च धरली, बारीक आकडा फटीत घातला. नमद्याच्या पट्टीतून अळ्यांची जाळी निघाली. दारं बंद करताना मीच त्यांना गादी अंथरून दिली होती, तीही लोकरीची!

पट्टी उपटून पिशवीत बांधली, घराबाहेर टाकली. फट ब्रशने घासली. त्यानंतर सापळा कोराच राहिला. एक दिवस, चार दिवस, दहा दिवस. रोज सकाळी मेहुणीला फोन करून सांगायचो, "शून्य!" शेवटी ती म्हणाली, "कळलं हो, आता मला चहा तरी पिऊ द्या."

शाल मी स्वतः कोमट पाण्यात धुतली. पाणी ओतून देताना हात थांबला. मग ओतलं. मेहुणीने चारही भोकं रफू केली.

मुलगी आली. शाल खांद्यावर घेऊन आरशासमोर वळली. शाल गुडघ्यापर्यंत आली, तिच्या आईला यायची तशीच. रफूवर बोट फिरवत म्हणाली, "इथे काय झालं?"

"लढाई," मी म्हणालो. "आपण जिंकलो."

कपाटाला आता कुलूप नाही. दर रविवारी मी दोन्ही दारं उघडी टाकतो आणि एकेक कपडा झटकतो.