न्योत्याचे तांदूळ

आर्णीपासून दोन कोसांवर एक तांडा होता आणि त्या तांड्यात धावजी नावाचा म्हातारा जडीबुटीचा वैद्य होता. बासष्ट सालची गोष्ट. त्याच्या हाताखाली खेमसिंग सहा वर्षं घासत होता. पहिलं वर्ष पाटा-वरवंटा धुण्यात गेलं, दुसरं मुळ्या सुकवण्यात, आणि पुढची चार धावजीच्या मागून रानं तुडवण्यात. आता त्याला नाडी बघता येत होती, दीडशे झाडपाले तोंडपाठ होते. आर्णीच्या बाजारात कुठल्या लिंबाखाली आपली पेटी मांडायची, हेसुद्धा त्यानं हेरून ठेवलं होतं. अडलं होतं फक्त मूठभर तांदळांपाशी.

धावजीच्या घराण्याची रीत अशी, की औषधाचं रोप सांगून-सवरून आणायचं. रोग्याच्या घरचं माणूस हळद लावलेले तांदूळ वैद्याच्या ओंजळीत टाकी. वैद्य सांजेला रानात जाऊन ते रोपाच्या बुडाशी ठेवी, रोग्याचं नाव हळूच सांगे आणि 'उद्या ये' म्हणून न्योता, म्हणजे आवतण, देई. पहाटे कोणाशी अवाक्षर न बोलता जाऊन मूळ खणायचं. त्याला दुसऱ्याचा हात लागला, की ते त्या रोग्याला चालत नसे. आणि वैद्यानं स्वतःच्या घरच्यांचं औषध करायचं नाही. घरच्यांच्या दुखण्याचं त्याला सांगायचंही नाही, कारण माया आडवी येते आणि हात चुकतो. ज्याच्या ओंजळीत तांदूळ पडले तो वैद्य, बाकीचे सगळे पाटा धुणारे. खेमसिंगच्या ओंजळीत सहा वर्षांत एक दाणा पडला नव्हता.

आणि लालीबाईच्या पडले, शिकायला लागून आठव्याच महिन्यात!

लालीबाई ही धावजीची पुतणी. नवरा वारल्यावर माहेरच्या तांड्यावर परतली आणि काकाच्या मुळ्या निवडता निवडता शिकू लागली. तिनं खेमसिंगचं काही घोडं मारलं नव्हतं. पण उन्हाळ्यात आर्णीची रहमतबी बैलगाडीतून आली. काय दुखतं म्हणून खेमसिंगनं पाचदा विचारलं, तर तिनं डोक्यावरची ओढणी पुढं ओढून भिंतीकडे पाहिलं. मग लालीबाईच्या कानाला लागून घटकाभर बोलली आणि तांदळाची मूठ घेऊन उठली.

"मैं तो इस बाई कोच दूंगी," ती म्हणाली.

खेमसिंगनं धावजीकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली.

त्या दिवसापासून खेमसिंग जळत होता. उगाच आडपडदा कशाला, चांगला धडधडून जळत होता. लालीबाईनं वाटलेलं औषध दिसलं की नाक मुरडी, आणि घरी बायकोला, जमनाबाईला, रोज तेच ऐकवी.

"सहा सालं मी राबलो, अन् तांदूळ तिले. काहून? मह्या हाताले काय किडे पडले?"

जमनाबाई गुपचूप भाकर थापत राही. दोनदा दिवस राहून तिचं पोट पडलं होतं. तेव्हापासून ती कमीच बोलायची. खेमसिंगला पोटदुखीवरच्या अकरा दवा पाठ होत्या, पण स्वतःच्या ह्या पोटदुखीवर त्यातली एकही चालत नव्हती.

कार्तिकात एका दुपारी तो धावजीच्या दारात आला, तसे काका-पुतणी बोलता बोलता थांबले. लालीबाईच्या ओच्यात पिवळे तांदूळ होते.

"कोनाचे हो बापू?"

"तुले काय करायचं? तू हिरडे फोड."

असं धावजी त्याला कधी बोलला नव्हता. खेमसिंगला वाटलं, झालं! जे ठेवणीतलं रोप म्हाताऱ्यानं आपल्याला सहा वर्षांत दाखवलं नाही, ते हिला दाखवलं. सांजेला तो तिच्या मागोमाग लपत-छपत रानात गेला. एका पळसाआड ती वाकली, तिचे ओठ हलले. इतक्या लांबून नाव काही ऐकू आलं नाही.

पहाटे तिच्या आधी तो तिथं पोचला. पिवळे तांदूळ होते, आणि त्यांच्यावर साधी शतावरी होती. अशी गाडाभर शतावरी त्यानं आजवर खणली असेल. शहाणा असता तर तसाच मागं फिरला असता. पण ती रिकाम्या हातानं येईल, रोप हिच्यावर रुसलं असं बापू म्हणेल, हे त्याच्या डोळ्यांपुढं आलं आणि ते फार गोड वाटलं. त्यानं मुळ्या खणल्या आणि शेल्यात गुंडाळून कमरेला बांधल्या.

उन्हं आली तशी लालीबाई धावजीच्या अंगणात परतली. हाताला नुसती माती.

"खड्डाच होता बापू. रोप गेलं."

"रुसलं असन," खेमसिंग हिरडे फोडता फोडता म्हणाला. "मन साफ नसलं का रुसते."

तेवढ्यात घरातून दुधाचा गडवा घेऊन जमनाबाई बाहेर आली. खेमसिंगच्या हातातला दगड थांबला.

"तू अठी कायले?"

लालीबाई बोलली. "तिचाच न्योता होता. तिसरा महिना हाय तिले."

"घरच्या वैद्याले सांगायचं नसते," धावजी म्हणाला. "म्हनून तुले हिरडे फोडाले लावलं. तुह्या या बायकोनं कालच मले इचारलं, मह्या मानसाले तांदूळ कवा भेटतीन म्हनून."

खेमसिंगनं कमरेचा शेला सोडला. पांढऱ्या मुळ्या अंगणात पडल्या. जमनाबाईनं त्या पाहिल्या, मग त्याची मातीनं भरलेली नखं पाहिली, आणि गडवा खाली ठेवला.

"बापू, मी आत्ता जातो, दुसरी आनतो..."

"तू नाई. आता न्योता पुन्ना द्यावा लागन. घरून तांदूळ आन."

"मी एकडाव देल्ले," जमनाबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

तो घरी गेला. ओल्या हातानं तांदळाला हळद लावली आणि मूठ मिटून परत आला. लालीबाईनं ओंजळ पसरली नाही. कोणत्याही रोग्याच्या माणसाला वैद्य विचारतो तसं तिनं विचारलं, "कोनासाठी?"

"मह्या जमनासाठी. बाई, घे."

तेव्हा तिनं ओंजळ पुढं केली. त्यानं मूठ उघडली. तांदूळ पडले, पण पाच-सहा दाणे त्याच्या ओल्या तळहाताला चिकटून राहिले. त्यानं ते एकेक करून काढले आणि तिच्या ओंजळीत टाकले.