नदीला नदी

"गुरुजी, दळताना म्हणत्यात ती ओवी म्हंजी कविताच असती का?"

मित्रांनो, १९३८ साली नसरापूरच्या शाळेत हा प्रश्न विचारला गेला. "विचारून दाव, मग तुला मानलं!" असं म्हणून मैत्रिणींनी सगुणाला डिवचलं होतं. आणि ती उभी राहिली की!

त्या प्रश्नाशी माझा काय संबंध? मी एक जुनं जातं आहे. मुक्काम वरवे बुद्रुक, सगुणाच्या वडिलांचं, कोंडिबाचं घर. एका वडाराने मला काळ्या दगडातून घडवलं. सगुणाची आई पारूबाई या घरात आली, तेव्हापासून माझा खुंटा तिच्या हातात. वर्षाकाठी टाकीचे घाव घालून मला खरबरीत करतात. दुखतं, पण गुळगुळीत जातं पीठ पाडत नाही, नुसतं फिरतं. सणाआधी माझं कौतुक होतं, एरवी दळण आटोपलं की माझ्यावर मांजर निजतं.

तर, वर्ग फिदीफिदी हसला. गुरुजी मात्र म्हणाले, "शनिवारी शाळा तपासायला सरकारी अधिकारी, दिपोटीसाहेब, येतायत. त्यांच्यासमोर तुझी एक ओवी म्हण. मग ठरवू."

घरी हे ऐकून कोंडिबाचा चेहरा उतरला. "आपली बोली ऐकून सायेब हसला, तर गावात तोंड दावायला जागा न्हाई. शुद्ध बोलायचं. न्हाईतर साळा बंद, सांगून ठिवतो!"

शाळा बंद! सगुणाची स्वतःची ओवी अशी होती:

साळंच्या वाटंवरी, नदी पडली आडवी
दळती माजी आय, मला पल्याड पाठवी

ती तिने पाटीवर घेऊन 'शुद्ध' केली. पहाटे मायलेकी दळायला बसल्या, तेव्हा तिने सूर लावला:

शाळेच्या मार्गावरती, सरिता असे आडवी
दळितसे माझी माता, मजला पलीकडे पाठवी

मित्रांनो, ओवी माझ्या फेऱ्यावर चालते. फेऱ्यात मावतील तेवढेच शब्द. 'सरिते'पाशी हात अडखळला, 'मजला'पाशी खुंटाच सुटला. मुठीतले जोंधळे जमिनीवर!

"कुनाची गं ही ओवी?" पारूबाईने विचारलं.

"माजीच हाय, आये. जरा सुदरलीया."

"आन् ही सरिता कोन? वरच्या आळीतली का?"

सगुणाला हसू फुटलं, मग डोळेच भरून आले. "आये, नदी गं ती!"

"मग नदी म्हन की. नदीला नदी म्हनाया लाज वाटती व्हय?"

सगुणाने आपली ओवी पुन्हा धरली, आणि माझी वरची तळी अशी गरगरली की चहूबाजूंनी पीठ झरू लागलं. मित्रांनो, कुणी आपल्या बोलीत गात असेल, तर त्याला मधेच सुधारू नका. एवढीच माझी विनंती.

पीठ भरायचं सोडून सगुणा तडक ओसरीवर कोंडिबापाशी गेली. मागोमाग पारूबाई.

"दादा, आये, ऐका. शनिवारी सायबापुढं म्या माजीच ओवी म्हननार. हाय तशी. साळा बंद करायची, तर ऐतवारपास्नं करा. शनिवारी म्या जानार!"