गव्हाला घातलेलं गाऱ्हाणं

मंगल कार्यालयाच्या हॉलात पाय ठेवायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार रस्त्यावर आला होता, बायका खिडक्यांचे गज धरून आत डोकावत होत्या, आणि एरवी नवरा-नवरी जिथे घाम पुसत उभे राहतात त्या व्यासपीठावर अन्नानंद महाराज बसले होते. ज्याला जे पचत नाही ते पचवून देणं हा महाराजांचा धंदा. धंदा म्हणायचं नाही, सेवा म्हणायचं. कुणाची साखर उतरवायची, कुणाचं आम्लपित्त, कुणाला बांगडा खाल्ल्यावर उठणारी खाज. दक्षिणा ऐच्छिक होती. पेटी तेवढी दाराच्या मधोमध ठेवली होती, म्हणजे तिला वळसा घातल्याशिवाय आत जाता येऊ नये.

पुढच्या रांगेत सुगंधा आपल्या नऊ वर्षांच्या तन्वीला घेऊन बसली होती. तन्वीला सिलिॲक होता. म्हणजे गव्हातलं ग्लुटेन पोटात गेलं की तिचं शरीर आपल्याच आतड्याशी भांडण काढायचं, आणि मग खाल्लेलं काही अंगी लागायचं नाही. कणकवलीच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, दुर्बिणीने आतडं बघून खात्री केली आणि सांगितलं, "याला औषध नाही. गहू, मैदा, रवा, जव जन्मभर बंद. एवढं पाळलंत तर पोरगी ठणठणीत राहील." पाळलं तशी ती राहिलीही होती.

आता कुणी म्हणेल, भात-भाकरी खाणाऱ्या मालवणी माणसाला गहू सोडायला काय जातं? सुगंधालाही आधी तसंच वाटलं होतं. पण वड्यांच्या पिठात गहू, हिंगाच्या डबीत मैदा, आणि गिरणीवर आपल्या आधी कुणी गहू दळले असतील तर आपल्या तांदळात त्यांची भुकटी. घरात तवा वेगळा, तळणीचं तेल वेगळं. वाढदिवसाला केक नाही, पूजेला शिरा नाही, लग्नात आपला डबा आपल्या मांडीवर. आणि दर लग्नात कुणीतरी बाई हटकून म्हणणार, "वाईच खाल्ल्यान तर काय होणा नाय गो. देवाचो प्रसाद कधी बाधता?" मग पोर कळवळायला लागली की ही बाई कुठे दिसायची नाही. नवरा निलेश गोव्यात कामाला, शनिवारी येणारा. सगळं एकटीने करून सुगंधा थकली होती, म्हणून ती आज इथे येऊन बसली होती.

महाराजांनी तांब्याची परात पुढे ओढली. सेवेकऱ्याने तीत पितळी डब्यातलं पीठ ओतलं आणि माइकवर सांगितलं, "गव्हाचं पीठ. शंभर टक्के गव्हाचं." मग गुळाचं उकळतं पाणी आलं. परातीतून वाफ उसळली तशी बायकांनी हात जोडले. महाराजांनी गोळा मळला, तन्वीवरून ओवाळला आणि गाऱ्हाणं सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," हॉल म्हणाला.

"आज ह्या लेकराक गव्हाची बाधा झाली आसा. ती पोळयेतसून इली आसात, पावातसून इली आसात, नायतर बेकरीच्या खारी-बटरातसून इली आसात..."

"व्हय म्हाराजा."

"तर ती बारा वाटांनी भायर काढून, आतड्याचो आणि गव्हाचो समेट करून दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

ग्रामदेवतेपुढचं गाऱ्हाणं महाराजांनी जसंच्या तसं उचललं होतं. फरक एवढाच, की देवळात माणूस उभ्याने विनवतो आणि द्यायचं की नाही ते देव ठरवतो. इथे महाराज बसल्या जागी मागतही होते आणि देतही होते.

गोळा थापून तव्यावर टाकला, त्याचा रोट झाला. तन्वीने भीत भीत तुकडा तोंडात घातला, चावला आणि म्हणाली, "आई, ही आपलीच भाकरी आसा. गूळ घातलेली."

"गप ऱ्हव," सुगंधा म्हणाली.

महाराजांनी ते ऐकलं. असल्या वाक्यांवरच त्यांचं पोट चालत होतं. "ऐकलात मा? रोट गव्हाचो, आणि लेकराक लागता भाकरीसारखो. गव्हातलो गहूपणा गेलो."

हॉल गहिवरला. तन्वीने अख्खा रोट संपवला. पोट दुखलं नाही, ओकारी झाली नाही, दुसऱ्या दिवशीही काही नाही. सुगंधा देवापुढे बसून रडली. वेगळा तवा तिने माळ्यावर टाकला आणि लेकीला तूप लावलेली गरम पोळी वाढली. ती खाताना लेकीच्या तोंडावरचा आनंद काही खोटा नव्हता, हीच तर पंचाईत.

महिना-दीड महिन्यात तन्वी वाळली. पोट फुगलेलं, हातपाय काड्या, शाळेचा जिना चढताना धाप. सुगंधाने महाराजांकडे फोन लावला. सेवेकरी म्हणाला, "तुमच्या घरात कुणीतरी अविश्वास धरलाय. दुसरी बैठक घ्यावी लागेल."

अविश्वास धरणारं माणूस घरचंच होतं. निलेशची धाकटी बहीण अनुजा हायस्कुलात विज्ञान शिकवायची. ती आली, तन्वीला बघितलं, आधी पोळी बंद केली, पोरीला डॉक्टरांकडे नेऊन आणलं आणि मग भावजयीसमोर बसली. "वयनी, त्या दिवशी काय काय झाला, ता सगळा सांग."

सुगंधा सांगत गेली. उकळत्या पाण्यापाशी अनुजाने तिला थांबवलं.

"कणीक मळूक तू उकळता पाणी घेतस?"

"भाकरीक घेतंय."

"मी कणकेचा इचारतंय."

सुगंधाने आपल्या हातांकडे बघितलं. तांदळाचं पीठ उकळत्या पाण्याशिवाय नीट धरत नाही, हे इथल्या प्रत्येक बाईच्या हाताला ठाऊक. रोज सकाळी ती तेच करते, म्हणूनच हॉलभर बायकांना ते पाणी खटकलं नाही. घाटावरची, पोळ्या लाटण्यात जन्म गेलेली एखादी बाई पुढच्या रांगेत असती, तर तिने तिथल्या तिथे विचारलं असतं, की महाराज, कणकेला आधण कशाला? पिठाचा पांढरा रंग गुळाच्या पाण्याने झाकला होता. शिवाय पराती दोन होत्या, हेही सुगंधाला आता आठवलं. सगळ्यांच्या प्रसादाची स्टीलची, आणि बाधेवाल्यांची तांब्याची. तांब्याच्या परातीला दुसऱ्या पिठाचा हात लावायचा नाही, सोवळं म्हणून.

"म्हणजे पथ्य म्हाराजच पाळतत," अनुजा म्हणाली. "तुझ्यापेक्षा कडक."

सुगंधाला हसू आलं नाही. तिचे कान रागाने तापले होते.

दुसऱ्या बैठकीला दोघीच गेल्या. तांब्याच्या परातीत गोळा मळून झाला तसं महाराजांनी विचारलं, "लेकरू खंय?"

"घरी. तेका उठाक बळ नाय," सुगंधा म्हणाली आणि पाण्याचं पातेलं घेऊन थेट व्यासपीठावर चढली. "म्हाराज, ह्यो गोळो माका धुवन बघूचो आसा."

सेवेकरी पुढे झाला, पण माइक तोवर अनुजाच्या हातात गेला होता. वर्गात शिकवावं तशी ती सांगू लागली, "कणकेचा गोळा पाण्यात चोळून धुतला की पांढरं पाणी निघून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. तेच ग्लुटेन. तांदळात ते नसतं." सुगंधाने घरून आणलेली कणीक धुतली. उरलेला लगदा तिने दोन्ही हातांनी ताणून दाखवला. तो लांबला, तुटला नाही. मग तिने महाराजांचा गोळा पाण्यात घातला. चोळता चोळता त्याची पेज झाली आणि हातात काही म्हणता काही उरलं नाही.

महाराज मात्र कसलेले. ते हसले. "आता बाईंनीच सिद्ध केल्यानी. बाधा उतरली म्हणान रबर गेला."

"व्हय म्हाराजा," हॉलाने सुटकेचा श्वास सोडला.

अनुजाने पिशवीतून वाण्याकडचं बंद पुडकं काढलं, सगळ्यांसमोर फोडलं आणि नळाच्या गार पाण्यात गोळा मळून महाराजांपुढे ठेवला. "मग ह्या गव्हाला गाऱ्हाणं घाला. नंतर धुऊ. रबर गेलं, तर मी सगळ्यांच्या आधी तुमच्या पाया पडते."

"आज तिथी बरी नाय," महाराज म्हणाले.

"मगे बैठक कित्याक लावलास?" खिडकीतून एका म्हातारीने विचारलं.

गाऱ्हाणं घालावं लागलं. या खेपेला ते फारच आटोपशीर झालं, आणि 'व्हय म्हाराजा' म्हणायला दोन सेवेकरी सोडून कुणी तोंड उघडलं नाही. सुगंधाने गोळा धुतला. पाणी पांढरं झालं, बदलता बदलता नितळ झालं, आणि तिच्या मुठीत चिवट लगदा जसाच्या तसा राहिला. गव्हाने महाराजांचं काही ऐकलं नव्हतं. महाराज स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडले. पुढच्या दारातली पेटी सेवेकऱ्याकरवी उचलून न्यायला मात्र विसरले नाहीत.

अनुजा बोलत राहिली. "तन्वीला त्या दिवशी काही झालं नाही, कारण तिने तांदूळच खाल्ला होता. काही जणांना खऱ्या गव्हानेही लगेच काही होत नाही, आतडं मुकाट्याने खराब होत राहतं. हॉलात त्रास झाला नाही, हा बरं झाल्याचा पुरावा नव्हे."

तेव्हा मागच्या रांगेतून शेजारचे गुरुदासकाका उठले. त्यांचा आवाज इतका बारीक होता, की लोकांना गप्प व्हावं लागलं. "मगे माझी साखर? ती उतरवल्यानी म्हणान मी गोळयो सोडलंय."

अनुजा काही बोलण्याआधी सुगंधाने माइक घेतला. तिचे हात अजून ओले होते.

"काका, हयसून सरळ डॉक्टराकडे जावा, गोळयांचा इचारा आणि रगत तपासा. माझ्या चेडवान पयल्याच घासाक सांगितल्यान, की ही भाकरी आसा. एवढ्या माणसांत ता एकटा खरा बोलला, आणि मी तेका गप ऱ्हव म्हटलंय. आज ता बिछान्यात पडान आसा, ता म्हाराजांमुळे जितक्या, तितक्याच माझ्यामुळे. देवाक हात जोडा, माझा काय म्हणणा नाय. पण दुखण्याचा दुखण्याकच इचारा. तुमचा रगत तुमच्याशी खोटा बोलाचा नाय."