निळी झाक

“अळवाचं पान बाई, पाणी अंगी लागेना
थोरलीच्या जिवाला गं, दुःख काही डागेना…”

आईचा तो आवाज विरून कैक वर्षं लोटली. पण लेपाच्या खोलीत धाकटीला तो रोज ऐकू येई. तिचं कामच अळवाच्या जातीचं. रक्तवाहिनीत घालायच्या बारीक नळ्या ती लेपात बुडवी, वाळवी, मग पारखायला निळ्या रंगाच्या पाण्यात सोडून धुई. लेप नीट बसला, की नळी कोरी करकरीत निघे. निळी झाक राहिली, तर तिथे रक्तही चिकटणार, साकळणार. आणि ती गाठ सुटून कुठे जाऊन बसेल, याचा नेम नाही.

मागल्या आठवड्यात हवा दमट होती. अख्खा ट्रे निळसर निघाला. दारात माल न्यायला गाडी येऊन उभी. सुपरवायझर म्हणजे तिचे दाजीच, थोरलीचा नवरा.

“दाजी, हा टाकायचा हं.”

“टाकतो गं बाई. तू नको जीव काढूस!” म्हणत त्यांनी ट्रे उचलून नेला होता.

आज थोरली दवाखान्याच्या खाटेवर होती, धाकटी आणि दाजी उशाशी. मूत्रपिंडं थकलेली, मानेतून नळी घालून रक्त धुवायचं होतं.

नर्सनं पाकीट आणलं. “तुमच्याच कारखान्याचं बरं का!”

थोरली हसली. “ऐका! घरी ह्यांच्या बनियनचा डाग निघता निघत नाही, आणि कारखान्यात म्हणे कशाला काही चिकटतच नाही!”

एरवी दाजींनी उलट टोला हाणला असता. आज ते पाकीट हातात घेऊन त्यावरच्या बॅच नंबरावरून अंगठा फिरवत राहिले, जणू तो पुसला जाणार होता.

“दुसरं द्या.”

“सगळी याच खोक्यातली आहेत, काका.”

“मग… उद्या करू.”

“उद्या? त्यांना श्वास पुरत नाहीये. डॉक्टर हात धुताहेत.”

बायकोच्या काळजीनं माणूस बावरलाय, असं धाकटीला वाटलं. ती हळूच म्हणाली, “दाजी, माझ्या हातून खराब नळी बाहेर जाईल का?”

नर्सनं पाकीट परत घेऊन त्याची कड धरली. कागद फाटू लागला. थोरलीनं डोळे मिटून मान वळवून दिली, निवांत, पानासारखी.

दाजींनी नर्सचं मनगट घट्ट धरलं.

“धाकटे… तो ट्रे मी टाकला नाही गं. पाकिटांत भरला.”