वाडग्यातलं पाणी का सांडत नाही

"नाही सांडलं! थेंबभरसुद्धा नाही सांडलं!"

हाय-पू गावच्या देवळासमोरच्या गल्लीत हजारभर माणसं एका दमात ओरडली. ढोल, झांजा, फटाक्यांच्या माळा, सगळं एकदमच सुरू. आठ जणांच्या खांद्यावर समुद्राची देवी मात्सूआई हिची पालखी उजवीकडे फेकली जात होती, डावीकडे फेकली जात होती, मध्येच धाडकन खाली बसून पुन्हा उसळत होती. पालखी अशी हलवायची रीतच आहे, त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल होतं ते देवीच्या पुढ्यातल्या पांढऱ्या वाडग्याचं. पालखी धुमाकूळ घालत होती आणि वाडगा आपला जागच्या जागी निवांत. देवळातले गुरू, शिफू यांग, म्हणत की तो काठोकाठ भरलेला असतो. खरं तर पाणी बोटभर कमी असायचं, पण भक्तीच्या भरात बोटभर पाणी कोण मोजतो!

"डोंगर हलेल! समुद्र हलेल! आईचं पाणी हलणार नाही!" कर्ण्यातून शिफू गरजले. अंगात पिवळा रेशमी झगा, पायात नवेकोरे पांढरे बूट. "ज्याच्या मनात शंका, त्याच्या रक्तात साखर! सुई टोचाल तर आई रुसेल! गोळी गिळाल तर आई उठून जाईल! माना खाली! वर बघेल त्याचे डोळे जातील!"

गल्लीच्या मधोमध आजारी माणसांची रांग गुडघ्यांवर ओणवी झाली होती. त्यांच्यावरून पालखी जाणार, प्रत्येकाच्या डोक्यावर थांबून तीनदा हलणार, आणि मग त्या न सांडलेल्या पाण्याचा एकेक घोट मिळणार. रांगेत तेराव्या जागेवर को स्यू-युन होती, आणि तिच्या मागे तिचे वडील, त्येन-फा.

त्येन-फांची हयात कालवं काढण्यात गेली. महिन्यापूर्वी शिंपल्याची धार डाव्या पायाला लागली. एरवी चार दिवसांत भरणारी जखम, पण अंगात मधुमेह. त्यात शिफूंच्या नादी लागून त्यांनी इन्शुलिन बंद केलेलं. ते बंद करून आज तेविसावा दिवस. दोन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी स्यू-युनला स्पष्ट सांगितलं होतं, "असंच चाललं तर पाय घोट्यापासून कापावा लागेल, आणि तेवढ्यावर भागलं तर नशीब समजा."

"तू एकदा माझ्याबरोबर पालखीखालून जा," म्हातारा अडून बसला होता. "मग तुझ्या डॉक्टरचं बघू."

म्हणून ती आली होती. आता पुढे माणसाची पाठ, मागे वडील, दोन्ही बाजूंना भिंतीसारखी गर्दी. बाहेर पडायला उंदराएवढी वाट नव्हती. पण तिला खरं कोंडून टाकलं होतं ते वेगळ्याच गोष्टीने. तो वाडगा का सांडत नाही, हे तिला ठाऊक होतं. ते यंत्र तिने स्वतःच बनवलं होतं!

तायचुंग शहराजवळ तिचं पत्र्याचं वर्कशॉप. हेलिकॉप्टरमधून सिनेमाचं चित्रण करणाऱ्या कंपन्यांसाठी ती कॅमेऱ्याचे पाळणे बनवायची. हेलिकॉप्टर थरथरतं, कलतं, वाऱ्याने हेलकावतं, पण पडद्यावरची भातशेती कशी संथ सरकली पाहिजे. त्यासाठी हा पाळणा. वसंतात एक अदबशीर माणूस आला. म्हणाला, समुद्रावरून चित्रण करायचंय, कॅमेरा जरा बुटका आहे, बैठक गोल करा. तिने मन लावून काम केलं. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या मावशीने फोनवर चमत्काराचा व्हिडिओ दाखवला आणि स्यू-युनने तो पुन्हा पुन्हा लावून बघितला. वाडगा प्रत्येक झटक्यानंतर किंचित उशिरा, उजवीकडे झुकून स्थिर होत होता. तिच्या पाळण्यांची ती जुनी खोड. आपल्या हातचा स्वयंपाक माणूस पहिल्या घासाला ओळखतो, तसं तिने ते ओळखलं.

आणि ती गप्प बसली. बोललं तर लोक म्हणणार, ही शिफूची भागीदार. धंदा बसणार. शिवाय सांगायचं कुणाला? वडिलांना? "देवीशी बरोबरी करतेस?" म्हणून त्यांनी दार लावून घेतलं असतं. उद्या सांगू, परवा सांगू म्हणता म्हणता आठ दिवस गेले.

"आ-युन, मान खाली घाल," मागून वडील पुटपुटले. "आली पालखी."

"बाबा, पाय दुखतोय का हो?"

"नाही. काहीच लागत नाही आता. बघ, गुण येतोय!"

स्यू-युनला रडू कोसळलं. दुखत नाही म्हणजे गुण येतोय म्हणे! पाय मरत होता म्हणून दुखत नव्हता.

पालखी तिच्यावर येऊन थांबली. लाल पडद्यांनी चारी बाजू बंद झाल्या, वर अंधारलं, आणि ढोलांच्या दणदणाटाखालून तिला ओळखीची गुणगुण ऐकू आली. पाळण्यातल्या फिरत्या चाकांची. मग तिने जे केलं ते त्या गावात कुणी कधी केलं नव्हतं. ती वळून सरळ पाठीवर झोपली आणि वर बघितलं.

पालखीच्या तळाला चौकोनी भोक पाडलेलं. त्यातून लोखंडी वजन लोंबत होतं, वर स्प्रिंगा, एकात एक बसवलेल्या दोन कड्या. आणि बाजूला तिनेच घासून गुळगुळीत केलेली खीळ. हेलिकॉप्टर उडताना-उतरताना पाळणा जखडून ठेवायला ती लागते. स्यू-युनने हात घातला आणि खीळ आत ढकलली.

पालखी हलली. पहिल्याच हिसक्याला अर्धा वाडगा देवीच्या पायांवर, उरलेला पुढच्या भोयाच्या मानेवर.

ढोल थांबले.

शिफू लगेच सावरले. "पाप! खाली कुणीतरी पापी आहे! आई कोपली! ओढा तिला बाहेर!"

पडदे वर झाले. दहा-बारा हात तिच्याकडे झेपावले. कुणी दंड धरला, कुणी केस. "सोडा मला!" ती ओरडली. "पाणी ओता वाडग्यात! आई कोपलीय ना? मग मी तिचा राग घालवून दाखवते!"

"ओता रे," पुढचा भोई मान पुसत म्हणाला. वीस वर्षं खांदा देणारा माणूस, भिजल्यामुळे वैतागलेला. "बघू तरी."

पाणी ओतलं. स्यू-युनने खीळ बाहेर ओढली. "हलवा." पालखी दणादण हलली. वाडगा शांत. खीळ आत. "हलवा." पाणी भळकन खाली. पुन्हा पाणी ओतून खीळ बाहेर: शांत. पुन्हा आत: फरशीवर तळं.

"अहो, आई इतक्या भराभर रुसते आणि हसते होय?" ती म्हणाली. "झटके या स्प्रिंगा खातात. पालखी कलली तरी या कड्यांमुळे वाडगा कलत नाही. आणि ही चाकं गरगर फिरतात, त्यामुळे तो सहजासहजी वळतही नाही. चाकांचा आवाज लपवायला एवढे ढोल! हेलिकॉप्टरमधल्या कॅमेऱ्यासाठी असतं हे. आणि हे मीच बनवलंय. कशासाठी हवंय ते मला ठाऊक नव्हतं, पण बनवलंय मी."

"म्हणजे तूही सामील!" कुणीतरी किंचाळलं. शिव्यांचा भडिमार सुरू झाला. शिफूंनी तेवढ्यात कर्णा खाली ठेवला आणि गर्दीत मिसळायला बघितलं. पण पिवळ्याधमक झग्यात माणूस लपणार कुठे? भोयांनी देवळाच्या पायरीवरच धरलं.

त्येन-फा मात्र अजून ओणवेच होते. ते हळूहळू सरकत पुढे आले, पालखीखाली हात घातला, वजन चाचपलं, खीळ स्वतः आत-बाहेर करून बघितली. एकदा नाही, चारदा.

"यात आई कुठाय गं?"

"आई देवळात आहे, बाबा. या यंत्रात नाही."

म्हाताऱ्याने खिळीवरचा हात काढला. मग म्हणाला, "मला धर. उभं राहता येत नाहीये. दवाखान्यात चल."

त्याच दुपारी शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला, पण दोन बोटं गेली. बाहेर येऊन डॉक्टरांनी मास्क काढला. "वेळेवर इन्शुलिन चालू असतं तर एकही गेलं नसतं. अगदी आठवडाभर आधी आणलं असतं, तरी एक नक्की वाचलं असतं."

पुढे गावोगावच्या शाळांमध्ये स्यू-युन तो पाळणा घेऊन जायची, पोरांकडून खीळ आत-बाहेर करून घ्यायची. देवीला उदबत्ती लावू नका असं ती कधी म्हणाली नाही. कुणी औषध बंद करायला सांगितलं, वर बघू नका म्हणालं, तर तिथेच थांबा आणि खाली वाकून बघा, एवढंच सांगायची. आणि ज्यांना आत काय आहे ते आधीच कळलंय, त्यांना हात जोडून सांगायची, "आजच बोला. लोक काय म्हणतील याचा विचार करत बसू नका. माझ्या बाबांचं एक बोट शिफूने नेलं. दुसरं मी."