मास्तरांची प्रत

मोहरीएवढा हिरवा ठिपका... स्क्रीनवर, मॉड्यूलच्या नावाशेजारी. हिरवा म्हणजे सगळं ठीक. सकाळपासून तिने तो इतक्यांदा पाहिला होता, की आता त्याच्यावरचा तिचा विश्वासच उडत चालला होता.

हॉस्पिटलची वेबसाइट दोघं सांभाळत – ती, आणि समोरच्या खुर्चीतले मास्तर. त्यांनी जन्मात कधी खडू हातात धरला नव्हता, पण चुका काढायची हौस अशी दांडगी, की नाव आपोआप चिकटलं. प्रत्येक मॉड्यूलने, म्हणजे साइटच्या प्रत्येक भागाने, आपल्याला लागणारी लायब्ररी, म्हणजे बाहेरच्या कुणीतरी लिहिलेला तयार कोड, आपल्याच फोल्डरात बाळगायची हा त्यांचा शिरस्ता. त्यामुळे तारखांची एकच लायब्ररी पाच ठिकाणी, आणि नवी आवृत्ती आली की पाचही ठिकाणी धावाधाव. तिने आज एकच प्रत मध्यभागी ठेवली आणि पेशंटना वेळेचे मेसेज पाठवणाऱ्या, मास्तरांच्या डायलिसिस मॉड्यूलमधली काढून टाकली. दोन्हींवर आवृत्तीचा आकडा तोच होता, मग विचारायचं कशाला... विचारलं असतं तर तासभर प्रवचन ऐकावं लागलं असतं, हेही खरंच. विचारायचं नव्हतंच तिला.

दुपारी बाबांचा फोन आला. त्यांचं डायलिसिस इथेच, रात्रपाळीत. दिवसाची जागा मिळालीच नव्हती.

"मेसेज आला गं. मंगळवारी रात्री दोन वाजता. म्हणजे आज सुट्टी. बरं झालं, जरा झोपेन तरी."

आज सोमवार होता. हॉस्पिटलचा दिवस सकाळी सहाला बदलतो. मध्यरात्र उलटून दोन वाजले तरी नर्सच्या, पेशंटच्या, सगळ्यांच्या तोंडी ती सोमवारचीच रात्र – मेसेजही नेहमी तसाच जायचा, आणि आज लायब्ररीने कॅलेंडर पाहून सरळ मंगळवार लिहिला होता, तिच्या परीने अगदी बिनचूक, आणि त्या बिनचूकपणापायी बाबा एक दिवस उशिरा जाणार होते, पाय सुजलेले, दर पायरीला धाप... म्हणजे मास्तरांनी त्या प्रतीच्या आत हात घातला होता. एखादी ओळ बदलली होती, आकडा तसाच ठेवून.

"बाबा, आजच रात्री जायचंय. मेसेज चुकलाय."

"तुझंच खातं ना ते?" ते हसून म्हणाले.

फोन ठेवला आणि तिला एकदम हलकं वाटलं. सुटले मी... प्रत गुपचूप जागेवर ठेवायची, मिनिटाचं काम, मास्तरांना पत्ताही लागणार नाही. हात माउसवर गेलासुद्धा. आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात आलं, की मेसेज रात्रपाळीच्या सगळ्यांना गेलेत, आणि त्यांच्या मुली इथे कामाला नाहीत. आपले बाबा वाचले म्हणून आपण सुटलो – इतकं सोपं वाटलं होतं तिला, क्षणभर का होईना, आणि त्या क्षणाची तिला शिसारी आली.

"मास्तर, डायलिसिसमधली तुमची प्रत मी काढली. न विचारता. मेसेज चुकीचे गेलेत."

मास्तरांनी चष्मा काढला. ती प्रवचनाची वाट बघत राहिली.

"सहाची ओळ होती त्यात," ते हळूच म्हणाले. "मी घातलेली. कुणाला सांगायचं राहूनच गेलं."

रागवले असते तर बरं झालं असतं, तिला वाटलं. रागवायला माणूस असला की निम्मी चूक त्याच्या ओरडण्यात विरून जाते. ते आता डायलिसिस विभागाचा नंबर फिरवत होते, नंबर एंगेज होता. तिने पेशंटची नावं स्क्रीनवर उघडली आणि वरच्या नावापासून स्वतःच फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या बाई लगेच बोलल्या. दुसरीकडे रिंग वाजत राहिली – मास्तरांचा धाक कुठे गेला कोण जाणे, तिच्या मनात आता फक्त एक अनोळखी खोली होती, आणि आज सुट्टी म्हणून फोन बाजूला टाकून, पाय उशीवर घेऊन, निवांत पडलेले कुणाचे तरी बाबा.